टाळ्या नसलेली एक खोली द्या

इंदुरातल्या सर्व मराठी मंडळांच्या, वाचनालयांच्या आणि साहित्यसंस्थांच्या कार्यकारिणींस,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकते. मला तुमच्या वास्तूतली एक खोली हवी आहे. महिन्यातले दोन मंगळवार, दुपारी तीन ते पाच. बारा-पंधरा खुर्च्या, एक पंखा आणि आतून लागणारी कडी. माईक नको, बॅनर नको, दीपप्रज्वलन नको. त्या खोलीत काही माणसं बसून कविता लिहितील. त्या तुम्हाला ऐकायला मिळणार नाहीत, स्मरणिकेत छापता येणार नाहीत, आणि वार्षिक अहवालात त्यांच्याविषयी "खोली वापरली गेली" यापलीकडे काही लिहिता येणार नाही. साहित्यसंस्थेकडे अशी मागणी करणं जरा विचित्रच, हे मला कळतं.

मी कवयित्री नाही. वीज मंडळाच्या कचेरीत ३१ वर्षं हिशेबाचं काम केलं. ताळेबंद जुळला की जीव भांड्यात पडायचा, एवढाच माझा साहित्याशी संबंध. तुमच्यापैकी दोन संस्थांची मी आजीव सभासद आहे, तिसरीची वर्गणी दर एप्रिलात भरते. नाटकांना येते. कोजागिरीला मसाला दूध ढवळायला उभी असते. तोंडाने ओळखाल, नावाने कदाचित नाही.

एप्रिल २०२१ मध्ये आमचे हे गेले.

तो महिना इंदूरकरांना मी काय सांगणार. दवा बाजाराबाहेर रेमडेसिविरच्या रांगेत आमचा जावई पहाटेपासून उभा होता. इंजेक्शन हातात पडलं तेव्हा त्याचा उपयोग उरला नव्हता. मुलगा पुण्याला, त्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर कुणीतरी फोनवर मला यांचा चेहरा दाखवला, तोही मास्कसकट. पंचकुइयाच्या स्मशानात आम्ही दोघंच, मी आणि जावई, दोरीच्या अलीकडे. अस्थींच्या मडक्याला नंबराची चिठ्ठी बांधलेली. दहावा गच्चीवर झाला, गुरुजी मोबाइलवर. कावळा लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं, मला मात्र रागच आला. इतकी घाई काय होती?

पुढची दीड वर्षं माझं काय चाललंय ते बाहेरून कुणाला कळलं नसेल. भाजी आणत होते, कौटुंबिक पेन्शनचे कागद भरत होते. पण ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की हातातलं खाली ठेवून मी उभी राहायची, आवाज लांब जाईपर्यंत. सॅनिटायझरच्या वासाने तोंडाला कोरड पडायची. रात्री तीनला ठरलेली जाग. "बोला म्हणजे मोकळ्या व्हाल," असं येणारा-जाणारा सांगायचा. बोलायला गेले की सुरुवातच सापडायची नाही. तापापासून सुरू करू की त्या आदल्या लग्नापासून, जिथे जाऊ नका म्हटलं होतं? माझ्याकडे गोष्ट नव्हतीच, तुकडे होते. ऑक्सिमीटरवरचा लाल आकडा. पलंगाखालच्या चपला. वॉर्डबॉयच्या हातमोज्यांचा करकर आवाज. त्यांना पुढचं-मागचं काही नव्हतं, आणि ते कधीही यायचे, फोडणी टाकतानासुद्धा.

मुलीने धरून एका समुपदेशक बाईंकडे नेलं. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "गोष्ट होत नसेल तर नका करू. तुकडेच लिहा. एक ओळ, मग खाली दुसरी. मधलं रिकामं राहू द्या." मी म्हटलं, ही तर कविता झाली. त्या म्हणाल्या, "झाली तर झाली."

त्या रात्री मी हॉस्पिटलच्या बिलाच्या पाठीमागे लिहिलं:

बोटाला लावलेल्या डबीत
आकडा उतरत होता.
आयुष्यभर मी आकडे जुळवले,
हा एक जुळला नाही.

चार ओळी. तुमच्या कसोटीवर त्या कशा ठरतील ते मला ठाऊक नाही आणि या पत्रापुरता तो प्रश्नही नाही. लिहून झाल्यावर मी पहिल्यांदा रडले, आणि सकाळी साडेसहाला जागी झाले. तीनला नव्हे. रोज काही असं झालं नाही, पण त्या दिवशी झालं.

नंतर मी त्यावर पुष्कळ विचार केला. गोष्ट सांगायची तर सुरुवात लागते, मध्य लागतो, शेवट लागतो, आणि "मग पुढे काय झालं?" असं विचारणारा समोर असतोच. कवितेला तुकडे चालतात. ओळ मध्येच मोडली तरी कुणी विचारत नाही का मोडली. शिवाय एखादी वस्तू पुढे करून तिच्या आडून बोलता येतं. मी चपलांविषयी लिहिते आहे, असं मी स्वतःला सांगू शकते. चपलांवर एक महिना लिहिल्यावर मग कधीतरी पाय येतात.

आता तुमच्याविषयी, कारण हे पत्र तुम्हाला आहे.

२०२२ च्या कोजागिरीला एका मंडळात काव्यवाचन होतं. (कोणतं मंडळ ते विचारू नका, आणि ओळखलंत तर मनात ठेवा.) विषय अर्थातच चंद्र. मैत्रिणीने माझं नाव परस्पर देऊन टाकलं. वरच्या चार ओळी मी वाढवून अठरा केल्या आणि विषयाला धरून हवं म्हणून त्यात चंद्र घातला. ऑक्सिमीटरच्या उजेडाला चंद्राची कोर म्हटलं. वाचून झालं. क्षणभर शांतता, मग टाळ्या पडल्या. सूत्रसंचालक म्हणाले, "वातावरण जरा जड झालं, आता काहीतरी हलकंफुलकं होऊ द्या," आणि पुढच्या गृहस्थांनी बायकोवरची विडंबनं वाचली. दूध पिताना एका ज्येष्ठांनी प्रेमाने सांगितलं की दोन ठिकाणी मात्रा ढळल्यात, पण भाव उत्तम. रात्री ग्रुपवर फोटो आला, खाली हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग.

त्यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. ते कवितेचं व्यासपीठ होतं, कवितेला जे मिळायचं ते मिळालं. चुकलं ते माझं. घरी येऊन वही उघडली तर मला तो चंद्र दिसेना. एप्रिलच्या त्या भर दुपारी चंद्र आला कुठून? लोकांना आवडेल म्हणून मी माझ्या नवऱ्याच्या मरणात एक चंद्र टांगला होता. आणि वाईट म्हणजे पुढची ओळ लिहिताना माझ्या मनात आलं की हिला दाद मिळेल का. चार महिने मी वहीला हात लावला नाही. तीनची जाग परत आली.

माझं सगळं म्हणणं या चार महिन्यांतून आलेलं आहे. टाळी वाजली की दुःखाला सादरीकरणाची सवय लागते. ते स्वतःला सजवायला लागतं. रंगमंचावरच्या कवितेला त्याची गरज असेल, जखमेवर लिहिलेल्या कवितेला ती बाधते. तुमच्याकडे पहिल्यासाठी चांगली सभागृहं आहेत. दुसऱ्यासाठी आख्ख्या शहरात मराठी माणसाला खोली नाही.

आपल्या परंपरेत मात्र होती. जात्यावरची ओवी घ्या. पहाटेचा अंधार, समोरासमोर बसलेल्या दोघी, मध्ये दगड. सासर, मेलेलं मूल, न आलेला भाऊ, सगळं त्या दोन ओळींत यायचं आणि दोन ओळींत मावेल तेवढंच एका वेळी दळलं जायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ज्यांनी रचल्या त्यांना जात्यापाशी कुणी वा म्हटलं नसेल. समोरची फक्त खुंटा धरून ओढायची आणि ओवी संपली की आपली उचलायची. दाद म्हणाल तर तीच. शिवाय हात चालू असायचे. शरीर एका लयीत असताना तोंडातून जे निघतं ते खुर्चीत ताठ बसून निघत नाही, हे कणीक मळणारी कोणतीही बाई सांगेल.

ताटीच्या अभंगांचंही तसंच. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानोबा दार लावून आत बसले आणि मुक्ताईने बाहेरून अभंग म्हटले, ही परंपरेने आलेली कथा. आपण नेहमी दार उघडल्याचं कौतुक करतो. पण आधी ते लागलेलं होतं. मुक्ताईनेही ते ढकललं नाही, बाहेर उभी राहून बोलत राहिली. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेले, तेव्हा तेही भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले, गावच्या चावडीवर नव्हे.

विज्ञान काय म्हणतं, असं कार्यकारिणीत कुणीतरी विचारणारच, निदान आमच्या कचेरीतून निवृत्त झालेला असेल तो तरी. म्हणून मी वाचलं.

१९१७ साली आपल्या इंदुरात पहिल्यांदा मराठी साहित्य संमेलन भरलं, गणेश जनार्दन आगाशे अध्यक्ष होते. त्याच वर्षी तिकडे एडिनबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात महायुद्धातून मनाने मोडून आलेले अधिकारी उपचार घेत होते. त्यांतल्या विल्फ्रेड ओवेन नावाच्या तरुणाला डॉ. आर्थर ब्रॉक यांनी रुग्णालयाच्या नियतकालिकाचं संपादन दिलं आणि लिहितं केलं. त्याच्या युद्धकविता आज जग वाचतं. पण तो बरा होऊन पुन्हा आघाडीवर गेला आणि युद्ध संपायला आठवडा उरला असताना मारला गेला. तेव्हा कवितेने माणूस वाचतो असला दावा मी करणार नाही. न्यूयॉर्कमधल्या एलाय ग्रायफर नावाच्या गृहस्थांनी तो जवळजवळ केला होता. धंद्याने औषधविक्रेते आणि वकील, हौसेने कवी. १९५० च्या दशकात क्रीडमूरच्या मनोरुग्णालयात त्यांनी रुग्णांचा कवितागट चालवला. औषधाच्या दुकानात उभं राहून कवितेवर भरवसा ठेवणाऱ्या माणसाचं मला फार अप्रूप वाटतं.

मला जास्त पटला तो १९८६ चा प्रयोग. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजातल्या मुलांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशाच्या घटनेविषयी, काहींनी किरकोळ विषयांवर. घटना आणि तिच्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत आरोग्यकेंद्रात कमी वेळा जावं लागलं. लिहिल्या-लिहिल्या मात्र त्यांना जास्तच वाईट वाटलं होतं. हे दुसरं वाक्य लोक सांगायचं विसरतात. पुढे २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांची एकत्र बेरीज झाली, तेव्हा परिणाम आहे पण लहान आहे असं निघालं. हिशेबनीस म्हणून मला लहान आकड्याचा तिटकारा नाही. लहान आकडासुद्धा जमेच्या बाजूलाच मांडतात. आणि ते बहुतेक गद्य लेखनाचे प्रयोग होते, कवितेचे नव्हेत, हेही लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला पकडायला नको.

२०२३ च्या पावसाळ्यात मी आमच्या पडवीत चौघींना बोलावलं. आज आम्ही अकराजण आहोत, त्यांत पुरुष दोन. (पुरुषांना दुःख नसतं असं नाही. त्यांना "कवितेला चाललोय" असं घरात सांगायला लाज वाटते. एकजण अजून बँकेत जातो म्हणून सांगून येतात.)

पद्धत साधी आहे. आल्यावर कुणीतरी एक छोटी कविता वाचतं, कुणाचीही. मग एक वस्तू ठरते. घरातलं कुणी वापरत नाही असं भांडं, मोडकी छत्री, लावायचं राहून गेलेलं कुलूप. घड्याळ लावून १५ मिनिटं लिहायचं. लिहिलेलं वाचायलाच हवं असं नाही. फाडून टाकलं तरी चालतं, त्यासाठी टोपली ठेवलेली आहे. एका आजींना लिहिता येत नाही, त्या सांगतात आणि शेजारची उतरवून घेते. कुणी वाचलं तर बाकीच्यांनी एकच शब्द म्हणायचा: "ऐकलं." छान नाही, अरेरे नाही, माझ्या नणदेचंही अस्संच झालं हे तर मुळीच नाही. शेवटची २० मिनिटं चहा आणि भाजीचे भाव. ती २० मिनिटं सगळ्यांत महत्त्वाची, असं आमच्या समुपदेशक बाई म्हणतात. माणूस विहिरीत उतरला तर त्याला वर काढून, पाय जमिनीला लागल्यावरच घरी पाठवायचं.

हे मला शिकवून गेली ती माझीच एक चूक, आणि ती लपवून खोली मागणं बरोबर नाही. पहिल्या वर्षी एक तरुण बाई यायची. तिच्यावरचा प्रसंग ताजा होता, महिनाही झाला नव्हता. ती लिहायची आणि कागद उलटा ठेवायची. मला वाटलं, वाचलं तर मोकळी होईल. मी म्हटलं, वाच ना गं, आपलीच माणसं आहेत. तिने वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीला तिचे हात थरथरायला लागले. मग श्वास लागेना. आम्ही दहाजणी तिच्याभोवती जमलो, ते तर आणखीच वाईट. ती पुन्हा आली नाही. मी फोन केला, तिच्या सासूने उचलला.

समुपदेशक बाई मला ओरडल्या नाहीत, पण त्यांनी समजावलं. आघातानंतर लगेच माणसाला एकदाच बसवून सगळं सांगायला लावायची एक पद्धत मध्यंतरी फार चालली होती. अभ्यासांत आढळलं की तिचा उपयोग होत नाही, काहींचा तर त्रास वाढतो. म्हणून आता आमच्याकडे नियम आहे: सगळ्यात मोठ्या जखमेपासून सुरुवात करायची नाही, ताज्या जखमेला हात लावायचा नाही, आणि वाच असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. झोप पूर्ण गेली असेल, जगण्यात अर्थ नाही अशा ओळी येत असतील, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टर. आमच्यातल्या दोघांना असं पाठवलं, ते औषधंही घेतात आणि मंगळवारी येतातही. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक पडवीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलाय. तो रात्री तीनलाही उचलतात.

मग पडवीत काय वाईट आहे, असं तुम्ही विचाराल. पडवीला दार नाही. गल्लीतून जाणारा प्रत्येकजण मान वळवून बघतो. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते (स्वच्छतेत पहिला नंबर आम्हालाही प्रिय आहे, पण ते गाणं नेमकं भलत्या ओळीला येतं). शेजारच्या सुनेला आमच्याकडे यायचं आहे, पण तिला जे लिहायचं आहे ते तिच्या खिडकीखाली बसून कसं लिहिणार? आणि हे माझं घर आहे. माझ्या घरात मी बोट धरून चालवणारी होते, मला नको असलं तरी. तुमच्या खोलीत आम्ही सगळे सारखे पाहुणे असू.

भाषेचं एक सांगायला हवं, कारण तुम्ही भाषेची माणसं आहात. आमच्याकडे एक पंचविशीतली मुलगी येते. दिवसभर हिंदी बोलते, ऑफिसात इंग्रजी. लिहायला बसली की सुरुवात हिंदीत होते आणि आजी आली की मराठी होते, कारण आजी तिच्याशी मराठीत बोलायची. ती "मी पाहून राहिले" असं लिहिते, आपण सगळे घरात बोलतो तसं. तुमच्या व्यासपीठावर ती कधी येणार नाही, पुण्याची मराठी येत नाही म्हणून. आमच्याकडे तिच्या वहीत कुणी लाल रेघ ओढत नाही. मराठी टिकवण्यावर आपण दर वर्षी परिसंवाद घेतो. तर या मुलीकडे मराठी रडण्यापुरती का होईना उरली आहे, हे त्या परिसंवादात सांगण्यासारखं आहे. पण सांगू नका. तिने परवानगी दिलेली नाही, तेवढी ओळख मी पुसून लिहिली आहे.

परवानगी दिली आहे ती एका काकांनी. इंदुरातल्या कापडगिरण्या एकामागून एक कशा बंद पडल्या ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि तिच्या कामगारांची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. आमचे काका दुसऱ्या एका मिलमधले, साच्यावरचे, म्हणजे मागावरचे. सत्तरी ओलांडलेली. पहिले सहा महिने ते नुसते बसून राहिले, चहा घेतला आणि गेले. मग एके दिवशी चार ओळी:

भोंगा वाजायचा थांबला,
मी अजून पहाटे उठतो.
ही म्हणते, निजा आता.
मी म्हणतो, पाळी सुटू दे.

वाचून झाल्यावर आम्ही म्हणालो, "ऐकलं." काका म्हणाले, "हं," आणि कागद घडी करून खिशात ठेवला. ही ओळ तुमच्या काव्यसंमेलनात आली असती तर टाळ्यांचा कडकडाट झाला असता, हे मी जाणते. कुणीतरी त्यांना शाल घातली असती, पुढच्या महिन्यात "गिरणी कामगार कवी" म्हणून पत्रिकेत नाव आलं असतं, आणि काकांना दर वेळी भोंग्यावर लिहावं लागलं असतं. आता ते त्यांच्या सायकलीवर लिहून राहिलेत.

तुमच्या शंका मला ऐकू येतात. ही बायकांची रडारड आहे, असं एकजण म्हणतील; त्यांना उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलंय. दर्जाचं काय, असं दुसरे म्हणतील. दर्जा तुमच्या सभागृहात राहू द्या, तिथे मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. आमचं काम सांस्कृतिक आहे, वैद्यकीय नाही, ही शंका जरा वजनदार आहे. पण ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, आपल्या इथल्या बेलेश्वर महादेव मंदिरातल्या बावडीवरचं, म्हणजे जुन्या विहिरीवरचं, छत खचलं आणि ३६ माणसं गेली. शहरभर श्रद्धांजली सभा झाल्या, दोन मिनिटं स्तब्धता पाळली गेली. तिसऱ्या मिनिटाला ती घरातली माणसं काय करतात? तेव्हा कुठे जायचं याला आपल्या कोणत्याच संस्थेच्या घटनेत कलम नाही.

आणि काही भलतंसलतं झालं तर जबाबदारी कुणाची, ही शंका मात्र खरी आहे. तिला मी दोन गोष्टी सुचवते. एक, शिकलेली समुपदेशक प्रत्येक मंगळवारी खोलीत हवीच. आमच्या बाई महिन्यातून एकदा विनामूल्य येतात, दुसऱ्या वेळचं मानधन द्यावं लागेल. एका कार्यक्रमात पाहुण्यांना पुष्पगुच्छांऐवजी एकेक फूल दिलंत तर ते निघतं. मी मांडवाखाली बसून तो हिशेब केलेला आहे. दुसरी, ही खोली उपचार नाही, हे दारावर लिहा. हवं तर मी लिहून देते, माझं अक्षर बरं आहे.

१९१७, १९३५ आणि २००१, अशी तीन साहित्य संमेलनं या शहराने घेतली. इथल्या सानंद संस्थेच्या नाटकांना गटागटाने सभागृह भरतं. मराठी माणूस महाराष्ट्रापासून इतका लांब राहूनही ऐकायला जमतो, याचा मला अभिमान आहे. जमून न ऐकवण्याची सोय तेवढी राहिली आहे.

येत्या वार्षिक सभांपूर्वी उत्तर मिळालं तर बरं होईल, म्हणजे मंगळवार ठरवता येतील. होकार एकाहून अधिक संस्थांनी दिला तर आम्ही दोन ठिकाणी बसू. वाट बघणारी सहा नावं वहीत आहेत. किल्ली मी स्वतः पावणेतीनला घेईन आणि सव्वापाचला चौकीदाराच्या हातात परत देईन. चहा, साखर, कप आमचे. फाडलेल्या कागदांची टोपलीही आम्हीच घरी नेऊ.

आपली,
सुदामा नगरातली एक सभासद
(वर्गणी चुकती)